नादारीच्या वकिलावरचा विश्वास उडाला, तर काय करावं

माझं कृषी केंद्र चोपडा तालुक्यात होतं. बियाणं, खत, औषध उधारीवर द्यायचं आणि कापूस घरात आला की वसुली करायची, हा वडिलांपासूनचा व्यवहार. लागोपाठ दोन हंगाम कापसाने दगा दिला. उधारी वहीतच राहिली आणि पतसंस्था, डिस्ट्रिब्युटर, हातउसने दिलेले नातेवाईक सगळे एकदम दारात उभे राहिले. शेवटी जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नाही हे न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा, अर्ज केला. पहिल्या वकिलाच्या हातात तो बुडायच्या बेतात होता, दुसऱ्याने तो सावरला. तेव्हापासून अमळनेर, यावल, पारोळ्याकडून ओळखीपाळखीने लोक येतात. हातात कागदांची पिशवी असते आणि पहिलाच प्रश्न, "भाऊ, आते काय करू?"

मी वकील नाही. पण या वाटेने चालून आलोय, आणि ज्यांना कोर्टाची पायरी नवीन आहे त्यांना कुठे ठेच लागते ते मला माहीत आहे.

आधी ठरवा: राग वकिलावर आहे की कायद्यावर?

हे विचारलेलं लोकांना आवडत नाही, तरी मी पहिल्यांदा हेच विचारतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वकिलाने चूक केलेलीच नसते. कायदाच त्यांना वाटला होता तेवढं देत नाही, आणि हे त्यांना सुरुवातीला कोणी नीट सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे नादारी म्हटलं की जुन्या माणसांना शाळेतली फीमाफी आठवते. ही नादारी वेगळी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या साध्या माणसाला, म्हणजे दुकानदाराला, शेतकऱ्याला किंवा पगारदाराला, आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेचा बराच बोलबाला आहे, पण व्यक्तींसाठी असलेला तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला. तुम्ही कंपनीचे जामीनदार नसाल आणि वकील तुमच्यासाठी नव्या संहितेची कलमं सांगत असेल, तर तिथेच थांबून विचारा की हे मला कसं लागू होतं. (तुमची पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मात्र ती संहिताच लागते आणि प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जातं. तिथला रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे ते प्रकरण हाताळायला नेमलेला माणूस, हा तुमचा वकील नसतो, हेही ध्यानात असू द्या.)

आता १९२० चा कायदा काय देतो ते बघू. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. अर्ज दाखल केला म्हणजे वसुली थांबत नाही. न्यायालय तुम्हाला नादार ठरवण्याचा आदेश करतं, त्यानंतर कलम २८ प्रमाणे सावकारांना, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता त्या सगळ्यांना, न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर वसुलीची कारवाई करता येत नाही. अर्ज आणि आदेश यांच्यामध्ये महिनेच्या महिने जातात. त्या काळात पतसंस्थेचा वसुली अधिकारी दारात आला, तर तो वकिलाचा दोष असेलच असं नाही. आदेश झाल्यावरही अटकेपासून संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यासाठी कलम ३१ खाली वेगळा अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज द्यायचं वकील विसरला असेल, तर तो दोष त्याचा.

घर किंवा जमीन बँकेकडे गहाण असेल, तर त्या बँकेला नादारीने अडवता येत नाही. सरकारी देणं माफ होत नाही. बायकोची पोटगी सुटत नाही. चेक न वटल्याचा १३८ चा खटला फौजदारी असतो, तो वेगळाच लढावा लागतो. आणि नादार ठरल्यावर तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे ती सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेलं तेवढं राहतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तो स्वतः राहतो ते घर.

हे सगळं वकिलाने पहिल्या बैठकीत सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल तर तुमची तक्रार खरी आहे, पण ती न समजावण्याची तक्रार आहे. बसून बोलून ती बऱ्याचदा मिटते. काम न करण्याची तक्रार वेगळी, आणि ती तपासायची जागाही वेगळी.

मग रोजनामा काढा

वकील म्हणतो "काम चालू आहे", तुम्ही म्हणता "काही होत नाही". खरं काय ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडलं, कोण हजर होतं, पुढची तारीख कशासाठी दिली, हे सगळं त्यात येतं.

ई-कोर्ट्सच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर सीएनआर नंबर टाकला की तारखा दिसतात. हा सोळा अक्षरांचा-अंकांचा नंबर प्रत्येक प्रकरणाला मिळालेला असतो. पण मोबाइलवर दिसतं तेवढ्यावर थांबू नका. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन मूळ अर्जाची, सोबतच्या याद्यांची आणि रोजनाम्याची प्रमाणित नक्कल घ्या. स्वतःच्या प्रकरणाची नक्कल मागायला वकिलाची परवानगी लागत नाही.

माझी नक्कल आली तो दिवस मला लख्ख आठवतो. खताच्या कंपनीने दिलेली हिरवी कापडी पिशवी होती, तिच्यात एका बाजूला मी वकीलसाहेबांना दर तारखेला पाचशे पाठवल्याचे स्क्रीनशॉट छापून ठेवले होते. कॅन्टीनच्या बाकावर बसून एकेक कागद रोजनाम्याशी लावून पाहिला. चार तारखांपैकी तीन तारखांना नोंद एकच होती: अर्जदार व वकील गैरहजर. त्या तिन्ही दिवशी मला फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही येऊ नका, मी बघतो." तिसऱ्या नोंदीत शेवटची संधी असा शेरा होता. चहा तसाच राहिला.

रोजनामा वाचताना या गोष्टी नीट बघा. एक, हजेरी. दोन, तारीख कोणामुळे वाढली: तुमच्या वकिलामुळे, समोरच्यामुळे, की न्यायाधीश रजेवर होते म्हणून? तिसऱ्या कारणाचा राग वकिलावर काढण्यात अर्थ नाही. तीन, न्यायालयाने काही हजर करायला सांगितलं होतं का, आणि ते केलं का. अर्ज दाखल करून घेतल्यावर हिशेबाच्या वह्या हजर करणं कर्जदाराचं कर्तव्य आहे. वह्या तुम्ही वकिलाकडे दिल्यात आणि त्या ऑफिसच्या कपाटातच पडून आहेत, असं मी दोनदा पाहिलंय.

रोजनामा झाला की मूळ अर्ज काढा आणि सावकारांची यादी ओळीने वाचा. कलम १३ प्रमाणे प्रत्येक सावकाराचं नाव, पत्ता आणि रक्कम द्यावी लागते, मालमत्ताही सगळी दाखवावी लागते. हातउसने देणारा मामेभाऊ, भिशी, आडत्याची उचल, ट्रॅक्टरच्या डिझेलची पंपावरची उधारी ही नावं हमखास सुटतात. तुम्ही सांगूनही वकिलाने लिहिली नसतील तर ती त्याची चूक. तुम्ही लाजेखातर सांगितलीच नसतील, तर आधी ते कबूल करा आणि दुरुस्ती करून घ्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. वकील म्हणाला की "तो प्लॉट लिहूच नका, कोण विचारतंय", तर त्या क्षणी वकील बदला. मला हेच सांगण्यात आलं होतं. अर्जाच्या वर्षभर आधी मी एक प्लॉट बायकोच्या नावे केला होता, मोबदला न घेता. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं, आणि मालमत्ता कपटाने लपवली तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. ती कैद वकिलाला होत नाही, तुम्हाला होते. दुसऱ्या वकिलाने पहिलं काम हे केलं की प्लॉटचं हस्तांतर आमच्याच हाताने न्यायालयापुढे मांडलं. प्लॉट गेला. पण उलटतपासणीत मला खाली मान घालावी लागली नाही.

समोर बसून बोला, आणि नंतर लिहून द्या

न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुकाऱ्याची वाट बघत, चार लोकांत वकिलाला जाब विचारू नका. तो तुम्हाला अर्धं वाक्यही देणार नाही. संध्याकाळी ऑफिसची वेळ मागून घ्या, रोजनाम्याची नक्कल सोबत न्या आणि नेमके प्रश्न विचारा. "माझं काम का होत नाही साहेब?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "अमुक तारखेला रोजनाम्यात गैरहजर लिहिलंय, त्या दिवशी काय झालं?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

पुष्कळदा गाडी इथेच रुळावर येते. वकिलाच्या घरात आजारपण असेल, ज्युनिअरने डायरीत तारीख चुकीची लिहिली असेल. चूक मान्य करून पुढच्या तारखेला उभा राहणारा वकील बदलण्याची घाई करू नका. नादारीची प्रकरणं आपल्या जिल्ह्यांत रोज चालत नाहीत, आणि हा कायदा वाचलेला दुसरा वकील शोधायला वेळ लागतो.

भेटीत समाधान झालं नाही तर पत्र द्या. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मी लिहिलं होतं ते साधारण असं:

"मा. वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. माझ्या नादारी अर्जाच्या कामी आपण माझे वकील आहात. दि. ... च्या रोजनाम्यात गैरहजेरीची नोंद आहे. कृपया १० दिवसांत लेखी कळवावे: १) प्रकरण सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, २) पुढील तारखेस काय दाखल करावयाचे आहे, ३) आजवर दिलेल्या रकमेचा हिशेब. माझे मूळ कागदपत्र आपल्याकडे आहेत, त्यांची यादी सोबत जोडली आहे."

शिवी नाही, धमकी नाही, वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलचं नावही नाही. पुढे काहीही झालं तरी हे पत्र तुमच्या बाजूने बोलतं. हिशेब मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं वकिलावर बंधनकारक आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायलाही त्याच नियमांत मनाई आहे. म्हणून "डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून मुक्ती, मिळाला की टक्केवारी द्या" असं कोणी म्हणालं तर हात जोडा आणि उठा.

बदलायचं ठरलं, तर खंड पडू देऊ नका

बदलताना लोकांचा सगळ्यात मोठा तोटा इथे होतो. रागाच्या भरात जुन्या वकिलाला "उद्यापासून येऊ नका" सांगतात आणि नवा वकील मिळेपर्यंत दोन तारखा जातात. आदेशाआधी असं झालं तर अर्ज निकाली निघण्याची भीती असते. आदेशानंतर झालं तर त्याहून वाईट. नादार ठरवताना न्यायालय डिस्चार्जसाठी अर्ज करायची मुदत घालून देतं. त्या मुदतीत अर्ज झाला नाही तर कलम ४३ खाली नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. आणि एकदा या कारणाने रद्द झाला, की न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुन्हा अर्जही करता येत नाही. वकिलाशी भांडण चालू असलं तरी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. मुदत संपत आली असेल तर ती वाढवून मागता येते, पण मागावी लागते.

क्रम असा ठेवा. आधी नवा वकील बघा, त्याला नकला दाखवा, त्याने होकार दिला की मगच जुन्याला कळवा. जुन्या वकिलाचं वकीलपत्र तुम्ही तोंडी सांगून संपत नाही. लेखी अर्ज न्यायालयात दाखल करून, परवानगीने ते संपतं. नव्या वकिलाला साधारणपणे जुन्याची ना हरकत लागते, तीही वकीलपत्रावरच सही करून देतात. जुना ना हरकत देत नसेल, तर नवा वकील कारण नमूद करून न्यायालयाकडे परवानगी मागतो. न्यायाधीशांपुढे हे रोज येतं, घाबरण्याचं काही नाही. फीची बाकी राहिली असेल तर ती ठरवून देऊन टाका. पण बाकी वादात असली म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवता येत नाहीत. फीसाठी फाइल रोखून धरण्याचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलंय. सातबारे, खरेदीखत, हिशेबवह्या यादीप्रमाणे मोजून घ्या आणि यादीवर दोघांच्या सह्या करा.

कधी कधी उलटं होतं, वकीलच काम सोडतो. पुरेशी सूचना न देता आणि न झालेल्या कामाची फी परत न करता त्याने मध्येच सोडू नये, असा नियम आहे.

पैशाअभावी नवा वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्या बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडच्या बऱ्याच कुटुंबांना हा हक्क आहे आणि ते सावकाराकडून व्याजाने पैसे काढून वकिलाची फी भरतात, हे बघून जीव तुटतो.

तक्रार कुठे करायची

ग्राहक मंचात जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिलाय.

गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली. पैसे घेऊन हजर न राहणं, कागद परत न करणं, खोटी तारीख सांगणं, अशिलाचे पैसे वापरणं, अशा गोष्टी तिथे मांडता येतात. निकाल विरोधात गेला एवढंच कारण चालत नाही. समज देण्यापासून सनद निलंबित किंवा रद्द करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रारीचा निर्णय एका वर्षात व्हायचा असतो, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. तुमचं नुकसान मात्र तिथून भरून निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी दिवाणी दावा, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची. आधीच कर्जात बुडालेल्या माणसाने हा दावा करावा का, हे नव्या वकिलाशी शांतपणे बोलून ठरवा. मी केला नाही. ती ताकद मला डिस्चार्जसाठी लागणार होती.

रिसीव्हरबद्दल नाराजी असेल तर बार कौन्सिलचा संबंध नाही. त्याच्या निर्णयाविरुद्ध कलम ६८ खाली त्याच न्यायालयात २१ दिवसांच्या आत अर्ज करायचा. हे २१ दिवस वकील बदलण्याच्या गडबडीत हमखास निघून जातात.

नव्या वकिलाला पहिल्या दिवशी काय विचारायचं

एकच प्रश्न पुरे: "डिस्चार्जच्या वेळी आठ आण्यांचं काय करणार?" ज्याने हा कायदा वाचलाय तो लगेच बोलायला लागेल.

१९२० च्या कायद्यात कलम ४२ आहे. तुमच्या मालमत्तेतून विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर न्यायालय पूर्ण डिस्चार्ज नाकारतं. मात्र ही स्थिती तुमचा दोष नसलेल्या कारणांमुळे आली, हे तुम्ही दाखवून दिलं तर हे कारण आड येत नाही. आमच्यासारख्यांचं सगळं नशीब या एका अपवादावर असतं. रावेर-यावलच्या केळीवाल्याची बाग जूनच्या वादळात आडवी झाली, तर तलाठ्याचा पंचनामा, पडलेल्या खोडांचे फोटो, विम्याचे कागद हा सगळा पुरावा याच ठिकाणी लागतो. माझ्या बाबतीत त्या दोन हंगामांतल्या कापसाच्या नुकसानीचे पंचनामे आणि उधारीच्या वह्या लागल्या. शेवटच्या तीन वर्षांचा नीट हिशेब ठेवलेला नसणं हेही डिस्चार्ज नाकारण्याचं कारण आहे, म्हणून वही फाटकी असली तरी फेकू नका. पहिल्या वकिलाने मला पंचनाम्याबद्दल कधीच विचारलं नव्हतं. दुसऱ्याने पहिल्याच बैठकीत विचारलं. मी घरी जाऊन माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. वह्यांना वाळवी लागली होती, पण आकडे वाचता येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने त्या जळगावला नेल्या. वकीलसाहेबांनी एकेक वही उघडून पानांना नंबर घातले, नंबरांची यादी मला दिली आणि स्वतःच्या डायरीबरोबर माझ्या डायरीतही पुढची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली.